एलएम३१७ चा घरगुती पॉवर सप्लाय: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

माझ्या रेडिओ रिसीव्हरचं काम तीन आठवडे अडलंय आणि दोष रिसीव्हरचा नाही, हे आज पक्कं झालं. आधी बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावला. पट्टा स्वच्छ, फक्त हवेतली नेहमीची सळसळ. मग तोच रिसीव्हर, तीच एरियल, तीच जागा, पण वीज एलएम२५९६ आयसीच्या छोट्या स्विचिंग सप्लाय मॉड्यूलमधून दिली. दर दीडशे किलोहर्ट्झच्या आसपास एक रुंद खरखर हजर. ७.०५ मेगाहर्ट्झवर तर काहीच ऐकू येईना. ही आयसी सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होते आणि तिचे हार्मोनिक, म्हणजे त्या वारंवारतेच्या पटींतले सिग्नल, वरपर्यंत जातात. १५० ला ४७ ने गुणलं की ७०५० येतात. म्हणजे खरखर नेमकी मला ऐकायचं असतं तिथेच बसलेली.

फिल्टर लावून ती कमी होईल, पण मला ती मुळातच नको आहे. म्हणून चालू-बंद न होणारा लिनिअर सप्लाय बनवायचा ठरवलं: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मोठा कपॅसिटर आणि पुढे व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर. सव्वा व्होल्टपासून अठरापर्यंत, एक अँपिअर. टेबलावरच्या बाकी कामांनाही तो पुरेल.

रेग्युलेटरसाठी दोन नावं डोळ्यासमोर होती. एक ७२३, बॉब व्हिडलरने फेअरचाइल्डमध्ये केलेली, १९६७ मध्ये बाजारात आलेली आयसी. करंट लिमिट हवी तशी ठरवता येते, पण बाहेर पॉवर ट्रान्झिस्टर आणि बरेच सुटे भाग लागतात. दुसरी एलएम३१७, बॉब डॉबकिनची, नॅशनल सेमिकंडक्टरमधली, १९७६ ची. तीन पाय, दोन रेझिस्टर, आणि ओव्हरलोड व उष्णता दोन्हीपासूनचं संरक्षण आतच. पन्नास वर्षं झाली तरी ती अजून बनते आणि कुठेही मिळते. ३१७ घेतेय.

७ जानेवारी

ट्रान्सफॉर्मर मिळाला. माळ्यावर एक बंद पडलेला ऑडिओ अँप्लिफायर होता, त्याची आउटपुट आयसी जळालेली, बाकी सगळं शाबूत. उघडल्यावर सगळ्यात आधी फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर दहा सेकंद टेकवला आणि मग मीटर लावून शून्य आल्याची खात्री केली. वर्षानुवर्षं बंद होता, तरी करायचं ते करायचंच. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) तर २३० व्होल्ट थेट डीसी होतात, म्हणजे कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट, आणि ते बराच वेळ टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे पाहिलेत. त्याने कपॅसिटरलाही मार बसतो आणि डोळ्यालाही धोका.

ट्रान्सफॉर्मरवर लेबल नव्हतं. एका बाजूला दोन वायरी, दुसऱ्या बाजूला तीन. मीटर ओहमवर ठेवून पाहिलं: दोन वायरींच्या बाजूला ४८ ओहम, तीनच्या बाजूला टोकापासून टोकापर्यंत ०.९. जास्त ओहमची ती प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची (घरच्या विजेकडची) गुंडाळी, दुसरी सेकंडरी, कारण तिथे बारीक तारेचे जास्त वेढे. तीनमधली काळी मधली, म्हणजे सेंटर टॅप. प्रायमरी ते सेकंडरी आणि दोन्हींपासून स्टॅम्पिंगपर्यंत (गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांपर्यंत) मीटर काहीच दाखवत नाही, जसं हवं तसं. मीटरची ही तपासणी तोकडी आहे, मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारा मीटर) मिळाला तर ५०० व्होल्टवर पाहायचं आहे.

किती वॉटचा आहे हे गाभ्यावरून काढता येतं. बॉबिनच्या आतल्या मधल्या दांड्याची रुंदी २५ मिलिमीटर, स्टॅम्पिंगच्या थराची जाडी २८. क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर. ५० हर्ट्झच्या साध्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरसाठी हा आकडा १.१५ ने भागून वर्ग केला की व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) मिळतात, अंदाजे. मला ३७ मिळाले. म्हणजे १८ व्होल्टला दोन अँपिअरच्या आसपास.

मग सिरीज बोर्डवरून प्रायमरीला वीज दिली. सिरीज बोर्ड म्हणजे ६० वॉटचा तारेचा बल्ब ट्रान्सफॉर्मरच्या मालिकेत. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि बाकीचं वाचतं. बल्ब जेमतेम लालसर झाला आणि विझला. बल्ब काढून थेट लावल्यावर सेकंडरी टोकापासून टोकापर्यंत २०.६ व्होल्ट, मधून प्रत्येकी १०.३. दहा ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर जोडला तर १८.२. म्हणजे ९-०-९, आणि दोन अँपिअरचा अंदाज बरोबर.

तासभर लोडशिवाय चालू ठेवला. हाताला कोमट, इतकंच.

११ जानेवारी

त्याच अँप्लिफायरमध्ये ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे दोन कपॅसिटर होते. दिसायला जुळे. दोन्हींची टोपी सपाट, कुठे फुगवटा नाही. मोजले: एक ४३५०, दुसरा १९००. दुसरा उपडा करून पाहिला तर पायांशेजारच्या रबरी बुचावर तपकिरी डाग, आणि पीसीबीवर त्याच्याखालचं तांबं हिरवं पडलेलं. टोपी फुगली नाही म्हणजे कपॅसिटर चांगला, असं धरून मी कितीतरी वेळा पुढे गेले असेन. हा खालून गळत होता.

४३५० वालाही ठेवला नाही. सप्लायमध्ये सगळ्यात आधी म्हातारा होणारा भाग हाच, आणि तो नव्या कामात जुना घालायची गरज नाही. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, खोकं, टर्मिनल, वायरी हे सगळं जुनं चालतं. इलेक्ट्रोलिटिक नवे.

किती मोठा हवा ते कागदावर काढलं. फुल ब्रिजनंतर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो. एक अँपिअर घेतला तर दोन भरण्यांच्या मध्ये व्होल्टेज किती उतरतं? करंट भागिले १०० भागिले फॅरड. २२०० मायक्रोफॅरडला साडेचार व्होल्ट, ४७०० ला २.१. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण भरायलाही वेळ जातो. ४७०० घेते.

व्होल्टेजचं रेटिंग मात्र लोड नसतानाच्या आकड्यावरून ठरवायचं. २०.६ चं टोक २९.१, ब्रिजचे दोन डायोड वजा केले की सुमारे २७.७. मेन्स दहा टक्के वाढला तर तीसच्या वर. ३५ चा चालेल, पण ५० चा घेते.

१५ जानेवारी

सुटे भाग गोळा करण्याचा आठवडा. डायोड १एन५४०८, तीन अँपिअरचे चार. ते अँप्लिफायरच्याच बोर्डावर होते, डायोड मोडवर चारही ०.५२ च्या आसपास. पाय आखूड उरलेत पण पुरतील. बोर्ड जुना असला की आधी थोडं ताजं सोल्डर टाकून मग पंपाने ओढावं. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही आणि जोर लावला की ट्रॅक उखडतो.

आर१ साठी, म्हणजे आयसीच्या आउटपुट आणि अॅडजस्ट पायांमधल्या रेझिस्टरसाठी, १२० ओहम हवा. बहुतेक आकृत्यांत २४० असतो, तोच डोळ्यांत बसलेला. पण ती किंमत एलएम११७ या महाग भावंडाची आहे. ३१७ ला रेग्युलेशन टिकवायला कमीत कमी करंट लागतो आणि डेटाशीट त्याची कमाल १० मिलिअँपिअर देते. आर१ वर नेहमी १.२५ व्होल्ट असतात. २४० ने ५.२ मिलिअँपिअर वाहतात, १२० ने १०.४. २४० लावून लोड न जोडता पाहिलं तर एखाद्या आयसीचं आउटपुट आपोआप वर सरकतं. पेटीत १२० नव्हता, २४० चे बरेच होते. दोन समांतर जोडले: ११९.३. काम झालं.

आउटपुट कमी-जास्त करणारा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) २ किलोओहमचा. १.२५ गुणिले (१ + २०००/१२०), म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त २२ व्होल्ट. त्यातून १०.४ मिलिअँपिअर सतत वाहणार, पूर्ण फिरवला की ०.२२ वॉट. कार्बनचे छोटे पॉट याच्या अगदी काठावर असतात. अर्ध्या वॉटचा शोधायचा आहे. तोवर अँप्लिफायरच्या टोन कंट्रोलमधला लावते.

आयसी पाच मागवल्या. जुन्या चार्जरच्या बोर्डावरून एक काढून ठेवली.

१८ जानेवारी

वेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या असलेल्या भोकांच्या बोर्डावर) जोडणी. पहिल्यांदा सिरीज बोर्डवर. बल्ब क्षणभर पेटला (कपॅसिटर भरताना पेटणारच) आणि विझला. कपॅसिटरवर २७.५, आउटपुट १.२५ पासून २२.१ पर्यंत सरळ फिरतं.

बल्ब काढून थेट मेन्सवर लावलं आणि फ्यूज गेला. शॉर्ट कुठेच नव्हता. मी प्रायमरीला २०० मिलिअँपिअरचा फास्ट फ्यूज घातला होता. ३६ व्हीए भागिले २३० म्हणजे ०.१६ अँपिअर, म्हणून २०० पुरेल असा हिशोब केला. पण चालू करताच पहिल्या सायकलमध्ये गाभा आणि रिकामा कपॅसिटर दोन्ही मिळून याच्या कितीतरी पट ओढतात. इथे क्षणिक झटका सोसणारा स्लो ब्लो फ्यूजच हवा. २५० चा घातला, दहा वेळा चालू-बंद केलं, टिकला. सेकंडरीला दोन अँपिअरचा वेगळा.

२१ जानेवारी

मागवलेल्या आयसींपैकी पहिली लावून १२ व्होल्टवर ठेवली आणि १२ ओहमचा लोड जोडला. व्होल्टेज लगेच सातच्या खाली. करंट ०.५५.

उष्णता म्हणावी तर आयसी अजून थंड होती, लोड जोडून सेकंदही झाला नव्हता. इनपुट आउटपुटमधला फरक १५ व्होल्टच्या आत असताना ३१७ ने किमान दीड अँपिअर द्यायला हवा. दुसरी लावली, ०.६. तिसरी, ०.५. मग चार्जरमधून काढलेली लावली: १२ व्होल्ट, एक अँपिअर, निवांत. सहा ओहम करून पाहिलं तर दीडच्या पुढे गेली आणि मग लिमिटला लागली.

मग दोन्ही जवळ घेऊन भिंगाखाली पाहिल्या. जुनीवरची अक्षरं लेझरची, तिरप्या उजेडातच दिसणारी. नव्यांवरची पांढरी, ठळक. अॅसिटोनचा बोळा फिरवला तर नव्यांची अक्षरं निघून आली आणि खालून दुसऱ्याच खुणांची पुसट रेघ दिसली. मागचा धातूचा टॅबही जुनीपेक्षा पातळ, बोटाच्या चिमटीत फरक कळतो. कुठल्या तरी छोट्या रेग्युलेटरवर नवं नाव छापलंय. विक्रेत्याला मोजमापासकट लिहिलं, पैसे परत आले.

मला यात खरंच वाईट वाटलं ते नवशिक्यांचं. पहिलाच प्रकल्प करणारी एखादी मुलगी ही आयसी लावेल, आकृती बरोबर असेल, सोल्डरिंग बरोबर असेल, आणि तरी चालणार नाही. ती स्वतःलाच दोष देईल. म्हणून इथे लिहून ठेवते: आयसी आली की बोर्डात लावण्याआधी पाच मिनिटं लोडवर घ्या. एक रेझिस्टर आणि मीटर एवढंच लागतं.

आता चार्जरमधली एकच भरवशाची आहे. दोन अधिकृत वितरकाकडून मागवल्या, येतील तेव्हा येतील.

२५ जानेवारी

आज दिवसभर एकाच गोष्टीमागे होते.

आउटपुट १२.०० वर लावलं. एक अँपिअर लोड जोडला की ११.५४. लोड काढला की पुन्हा १२.००. अर्धा व्होल्ट जातोय कुठे? डेटाशीटप्रमाणे आयसीचा स्वतःचा उतार फार तर काही मिलिव्होल्टचा.

आधी इनपुट अपुरं पडतंय का पाहिलं. ऑसिलोस्कोपवर कपॅसिटरचं वरचं टोक २३, खालचं २१. बारासाठी चौदा-साडेचौदा पुरतात, म्हणजे तिथे भरपूर जागा. मग ड्राय सोल्डर (नीट न धरलेला टाका) शोधत सगळे टाके पुन्हा गरम केले. आकडा तोच. नव्या आलेल्यांपैकी एक आयसी बदलून पाहिली. ११.५३.

संध्याकाळी बोर्डाचा फोटो काकांना पाठवला. मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं, आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले त्यांनी. दहा मिनिटांत फोन.

"आर१ कुठे लावलास गं?"

"आउटपुटला, काका. आकृतीत आहे तसा."

"आउटपुटला म्हणजे कुठे? आयसीच्या पायाला का टर्मिनलला?"

टर्मिनलला लावला होता. पॉट आणि टर्मिनल पुढच्या पट्टीवर शेजारी आहेत, म्हणून दोन्ही रेझिस्टर तिथेच सोल्डर केले, आयसीपासून एक वायर आणून. आकृतीत ती सगळी एकच रेघ आहे.

"मग त्या वायरीत काय होतंय ते मोज. वायरीलाही रेझिस्टन्स असतो बाळ."

मीटर मिलिव्होल्टवर ठेवला, एक टोक आयसीच्या आउटपुट पायाच्या मुळाशी, दुसरं टर्मिनलवर. एक अँपिअर वाहताना ४८ मिलिव्होल्ट. म्हणजे वायर, दोन टाके आणि लग मिळून ०.०४८ ओहम. एवढ्याशाने अर्धा व्होल्ट कसा जाईल, हे मला पटकन उलगडलं नाही. कागद घेतला.

आयसी १.२५ व्होल्ट राखते ते स्वतःच्या आउटपुट पाय आणि अॅडजस्ट पाय यांच्यामध्ये. वायरीने त्यातले ०.०४८ खाल्ले, तर आर१ वर उरतात १.२०२. आर१ मधून जो करंट जातो तोच पॉटमधून खाली जातो आणि तिथे व्होल्टेज उभं करतो. बारा व्होल्टवर हा गुणक १२ भागिले १.२५, म्हणजे ९.६. आता १.२०२ गुणिले ९.६ करा. ११.५४ येतात. मीटरवर होतं तेच, दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत.

वायरीतली चूक साडेनऊ पटींनी मोठी होऊन बाहेर येत होती. अठरा व्होल्टवर ती चौदा पटींहून जास्त झाली असती.

आर१ उखडला आणि थेट आयसीच्या पायावर, शरीरापासून चार मिलिमीटरवर सोल्डर केला. पॉटचं खालचं टोक मात्र मुद्दाम ऋण टर्मिनलवरच ठेवलं. तिथे उलटं आहे: ते टर्मिनलला जोडलं की ऋण वायरीतला उतार हिशोबातून निघून जातो. पुन्हा एक अँपिअर: ११.९४. धन बाजूची वायर जाड आणि निम्मी केली: ११.९७.

तेच भाग, तीच आकृती. फक्त एका रेझिस्टरचा एक पाय सात सेंटिमीटर सरकला. काकांना आकडे कळवले तर म्हणाले, "आता झोप."

२९ जानेवारी

उष्णता. ५ व्होल्टवर एक अँपिअर ठेवला, चार मिनिटांत आउटपुट कोसळलं, थोडं थांबून परत आलं, परत कोसळलं. आयसी स्वतःला वाचवतेय. इनपुट सरासरी २२, आउटपुट ५, म्हणजे १७ वॉट नुसते तापण्यात. आयसीच्या आतून टॅबपर्यंत दर वॉटला सुमारे ५ अंश, मधल्या मायकाचा (वीज अडवणाऱ्या पातळ चकतीचा) १, माझ्या हीटसिंकचा साधारण ४. एकूण १०. सतराला दहाने गुणलं की खोलीच्या तापमानावर १७० अंशांची वाढ होते, आणि आयसीची मर्यादा १२५ ची.

मोठा हीटसिंक लावून यातला फक्त ४ कमी होतो, आतला ५ तसाच राहतो. खरा उपाय आधीच टेबलावर होता: सेंटर टॅप. ब्रिजचं एक एसी टोक सेकंडरीच्या एका टोकाला कायम, दुसरं एका चेंजओव्हर स्विचवरून, एकदा मधल्या काळ्या वायरीला, एकदा दुसऱ्या टोकाला. खालच्या रेंजला ९ व्होल्ट, वरच्या रेंजला १८.

स्विच निवडताना एक गोष्ट फार महत्त्वाची. आधी सोडून मग पकडणारा हवा. दोन्ही संपर्क क्षणभर एकत्र आले तर ट्रान्सफॉर्मरची अर्धी गुंडाळी थेट शॉर्ट होते. हातातला टॉगल मीटरच्या बीपवर हळूहळू ढकलून तपासला, मध्ये स्पष्ट गप्प जागा आहे.

खालच्या रेंजवर ५ व्होल्ट, एक अँपिअर: इनपुट ९.७, तापण्यात ४.७ वॉट. अर्ध्या तासाने हीटसिंकला बोट आरामात ठेवता येतं. ही रेंज साडेसहापर्यंत चालते, पुढे वरची. वरच्या रेंजवर १२ व्होल्टला सतत एक अँपिअर घेणं मात्र काठावरचं आहे, दहा वॉट होतात. ०.७ पर्यंत ठीक. तसं पट्टीवर लिहिणार आहे.

१ फेब्रुवारी

खोकं अँप्लिफायरचंच. पत्र्याचं, म्हणून अर्थिंगला तडजोड नाही. मागच्या पॅनलवर रंग खरवडून चकचकीत धातू काढला, दातेरी वॉशर, लग, नट, वर दुसरा नट. मेन्सच्या प्लगच्या अर्थ पिनेपासून खोक्याच्या प्रत्येक पॅनलपर्यंत मोजलं, सगळीकडे ०.२ ओहमच्या आत. मेन्सच्या सगळ्या टाक्यांवर हीट श्रिंक.

३१७ चा टॅब आतून आउटपुट पायाला जोडलेला असतो, म्हणून मायका आणि प्लॅस्टिकची बुश लावूनच हीटसिंकवर बसवायची. बसवली, पेस्ट लावली, स्क्रू आवळला, टॅब ते हीटसिंक मीटर लावला. बीप. उघडलं. मायका उजेडासमोर धरला तर भोकाच्या कडेला केसाएवढी चीर. हीटसिंकचं भोक पाडताना कडेला राहिलेली धातूची धार त्यात घुसली होती, नखाला लागत होती. मोठं ड्रिल बिट हाताने दोनदा फिरवून ती कड मोडली, बारीक पॉलिश पेपर, नवा मायका. आता बीप नाही.

दोन डायोड जोडले, आउटपुटकडून इनपुटकडे एक, अॅडजस्टकडून आउटपुटकडे एक. कपॅसिटर उलटे आयसीतून रिकामे होऊ नयेत म्हणून.

५ फेब्रुवारी

स्कोपवर आउटपुटला ८ मिलिव्होल्टचा १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लहर). अॅडजस्ट पायाला १० मायक्रोफॅरड लावला की रिपल ८० डेसिबलपर्यंत दबतो, म्हणजे दोन व्होल्टचे ०.२ मिलिव्होल्ट उरायला हवेत. हे चाळीस पट जास्त. २५ जानेवारीपासून आता मी आधी वायरीच बघते. १० मायक्रोफॅरडचं ऋण टोक ब्रिज आणि मोठा कपॅसिटर यांच्या मधल्या तुकड्यावर सोल्डर केलेलं निघालं. त्या तुकड्यातून भरतीचे मोठे झटके जातात, प्रत्येक झटक्याचा उतार थेट अॅडजस्ट पायाला मिळत होता. टोक उचलून ऋण टर्मिनलला नेलं. आता स्कोपच्या स्वतःच्या गोंगाटाखाली काही दिसत नाही.

चारही डायोडांना ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर समांतर जोडले, स्टेशनबरोबर येणारी घरघर टाळायला.

८ फेब्रुवारी

टोन कंट्रोलचा पॉट फिरवताना सुई मध्येच २२ वर उडाली आणि परतली. आतला सरकता संपर्क क्षणभर उचलला गेला की अॅडजस्ट पाय लोंबकळतो आणि आउटपुट पूर्ण वर जातं. पाच व्होल्टचं काही जोडलेलं असतं तर ते गेलं असतं. अर्ध्या वॉटचा नवा सरमेट पॉट बसवला, पाचशे वेळा फिरवला, सुई कुठे थरथरली नाही. याच्यानंतर पॉट जुना घेणार नाही. ११ जानेवारीच्या यादीत तेवढी दुरुस्ती.

झाकणाच्या आत कागद चिकटवला: ट्रान्सफॉर्मरचे मोजलेले आकडे, फ्यूज २५० स्लो, आर१ आयसीच्या पायावर, कपॅसिटर बसवल्याची तारीख.

रात्री रिसीव्हर जोडला. १२ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर. ७.०५ मेगाहर्ट्झवर आणला. हेडफोनमध्ये फक्त सळसळ, आणि तिच्या तळाशी, फार बारीक, कुणीतरी मोर्सवर सीक्यू, म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही हाक, देत होतं.